नेटवरचा कॉल की डिजिटल कॉर्डलेस? बेळगाव-खानापूर-निपाणी भागातल्या घरात फोन नीट लावायचा कसा

आमच्या आत्तीचं घर जांबोटीच्या पुढं, चोर्ला रस्त्यापासून आत. भिंती जांभ्या दगडाच्या, दीड हात जाड, वर कौलं, आणि जूनमध्ये पाऊस एकदा धरला की समोरचा बांध दिसत नाही. मोबाईलला दोन काड्या येतात त्या पण परड्यात फणसाखाली, म्हणजे पोराचा पुण्याहून रात्री फोन आला की आत्ती छत्री घेऊन बाहेर. मग पोरानं बेळगावात एका दुकानातून डिजिटल कॉर्डलेस फोन घेतला, दुकानदारानं सांगितलं हा घ्या, रेंजचा प्रश्नच मिटला. घरी आणून लावला, दिवे लागले, हँडसेटवर रेंजच्या सगळ्या काड्या फुल, आणि कानाला लावला तर टोनच नाही. कारण त्या घरात फोनची लाईनच नव्हती! काड्या फुल होत्या त्या हँडसेट आणि त्याच्या बेसच्या (ज्या खालच्या भागावर तो ठेवून चार्ज करतो) मधल्या, बाहेरच्या जगाच्या नाहीत.

हे बघून मला फार वाईट वाटलं, कारण पैसे गेले ते गेलेच पण म्हातारं माणूस तसंच पावसात उभं राहिलं. पुढं मीच दोन-तीन महिने खपून ते घर नीट लावलं, मग निपाणीजवळ मामाकडं लावलं, शहापुरात एका मित्राच्या दुकानात लावलं. त्यातून जे कळलं ते सगळं इथं क्रमानं लिहितोय.

आधी डोक्यातला घोळ काढा

लोक विचारतात नेटवरचा कॉल चांगला की कॉर्डलेस चांगला. हा प्रश्नच चुकीचा आहे. बेळगावहून बसनं आपण फाट्यावर उतरतो आणि फाट्यापासून घरापर्यंत पायवाट असते, तसंच आहे हे. इंटरनेटवरून जाणारा आवाज म्हणजे बसचा रस्ता, गावाबाहेर लांब नेणारा. डिजिटल कॉर्डलेस म्हणजे फाट्यापासून घरापर्यंतची पायवाट, फार तर शंभर-दीडशे फुटांची. नुसती पायवाट असून पुण्याला जाता येत नाही आणि नुसती बस असून म्हातारीला स्वयंपाकघरापर्यंत पोचवता येत नाही. बहुतेक घरांना दोन्ही लागतात, फक्त ते एकमेकाला जोडायचे कसे ते कळलं पाहिजे.

नेटवरच्या कॉलमध्ये आपल्या आवाजाचे बारीक तुकडे होतात, साधारण २० मिलिसेकंदांचा एकेक, प्रत्येक तुकड्यावर पत्ता टाकून तो नेटवर सोडला जातो आणि पलीकडं परत ओळीनं लावून वाजवला जातो. तुकडा हरवला की शब्द गळतो, तुकडे कमी-जास्त वेळानं पोचले की आवाज चिरका होतो. जी ७११ नावाच्या जुन्या कोडेकला (कोडेक म्हणजे आवाजाचे आकडे करायची पद्धत) एका बाजूला ६४ केबीपीएस लागतात, वरचे पत्ते धरून ८७ च्या आसपास, म्हणजे दोन्ही बाजू मिळून तासाला साधारण ७८ एमबी. आता कुठल्याही फायबरला हे काहीच नाही. तेव्हा स्पीड किती एमबीपीएस आहे यावर कॉल अडत नाही, अडतो तो तुकडे वेळेवर पोचण्यावर, आणि हे लक्षात न घेता लोक मोठा प्लॅन घेऊन बसतात.

डिजिटल कॉर्डलेसमध्ये जे डेक्ट नावाचं तंत्र आहे ते युरोपात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ठरलं. तिकडं ते १८८० ते १९०० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतं, अमेरिकेत १९२० ते १९३० मध्ये. दर १० मिलिसेकंदांचे २४ भाग करतात, १२ जायला आणि १२ यायला, त्यामुळे एकाच लहरीवर बारा जणांचं बोलणं एकमेकात न मिसळता चालू शकतं. हँडसेट बोलताना फक्त आपल्या वाट्याच्या चोविसाव्या भागातच लहर सोडतो, म्हणून २५० मिलिवॅटचा असला तरी सरासरी १० मिलिवॅटच पडतात आणि एवढीशी बॅटरी तासन्तास टिकते. आणि हे काही फक्त परदेशी लोकांचं खेळणं नाही, आयआयटी मद्रासच्या अशोक झुनझुनवाला यांच्या गटानं १९९० च्या दशकात याच डेक्टवर कॉरडेक्ट बनवलं होतं, गावागावात तार न ओढता फोन पोचवायला. मला याचा खूप अभिमान वाटतो.

पहिलं काम: एक दिवस नुसतं बघत फिरा, काही विकत घेऊ नका

वही घ्या आणि घरात फिरा. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, गोठा, माळा, परडं, प्रत्येक ठिकाणी मोबाईलवरून खरा कॉल लावून एक मिनिट बोला. काड्या मोजू नका, बोलून बघा. पलीकडच्याला विचारा, "ऐकू येवलंय काय नीट?" आणि वहीत लिहा.

मग नेट बघा. स्पीड टेस्ट लावली की खाली पिंग (तुकडा जाऊन परत यायला लागणारा वेळ) आणि जिटर (त्या वेळेतला कमी-जास्तपणा) असे दोन आकडे येतात, तेच आपल्या कामाचे. पिंग १०० मिलिसेकंदांच्या आत आणि जिटर ३० च्या आत असला की बोलणं बरं होतं. टेलिफोनवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा हिशोब असा आहे की आवाज एका बाजूला १५० मिलिसेकंदांत पोचला तर माणसाला जाणवत नाही, आणि ४०० च्या वर गेला की दोघं एकमेकाच्या बोलण्यावर बोलायला लागतात. ही टेस्ट एकदा दुपारी करा आणि एकदा रात्री नऊला, जेव्हा सगळं गाव व्हिडिओ बघत असतं. आणि तिसऱ्यांदा करा घरातलाच कोणीतरी मोठा व्हिडिओ अपलोड करत असताना, कारण कॉल तुटायचं खरं कारण बऱ्याचदा आपल्याच घरात असतं.

सीमेवर राहणाऱ्यांनी आणखी एक बघायचं. निपाणी-कोगनोळीकडं मोबाईल महाराष्ट्रातल्या कागलच्या बाजूचा टॉवर धरतो, कणकुंबीच्या वर गोव्याचा धरतो, आणि गोवा पण महाराष्ट्राच्याच टेलिकॉम सर्कलमध्ये (मोबाईल कंपन्यांच्या विभागात) येतं. रोमिंगचे पैसे आता लागत नाहीत पण लांबच्या टॉवरला चिकटलेला फोन मधेच सुटतो आणि बॅटरी खातो. नेटवर्क सिलेक्शन ऑटोमॅटिकवरून काढून हातानं आपलं नेटवर्क निवडून बघा, मामाच्या घरी एवढ्यानंच निम्मा त्रास गेला. प्रवासाला निघताना मात्र परत ऑटोमॅटिक करायचं, नाहीतर पुढं गेल्यावर फोन बंदच पडेल.

दुसरं: मोबाईल वापरता येत असेल तर आधी वायफाय कॉलिंग

यात नवीन काही घ्यायचं नाही, घरात फायबर आणि वायफाय असलं म्हणजे झालं. आपलाच नंबर, आपलंच सिम, फक्त आवाज टॉवरच्या ऐवजी वायफायवरून कंपनीपर्यंत जातो. भारतात एअरटेलनं डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओनं जानेवारी २०२० मध्ये हे सुरू केलं. पलीकडच्याकडं वायफाय असायची गरज नाही, त्याचा साधा बटणाचा फोन असला तरी लागतो, आणि वेगळा चार्ज नाही, प्लॅनमधलाच कॉल धरतात.

अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन वर सर्चमध्ये वायफाय कॉलिंग टाईप करा आणि ऑन करा, कारण प्रत्येक कंपनी ते वेगळ्या ठिकाणी लपवते. आयफोनमध्ये मोबाईल डेटाच्या आत असतं. दोन सिम असतील तर दोन्हीला वेगवेगळं ऑन करावं लागतं, इथं बरेच जण फसतात. आता खात्री कशी करायची? फोन एअरप्लेन मोडवर टाका, मग फक्त वायफाय परत चालू करा आणि कॉल लावा. लागला तर तो शंभर टक्के वायफायवरून गेला. नाही लागला तर फोन एकदा बंद-चालू करा, तरी नाही तर राऊटरची फायरवॉल (नेटवरची राखण) आडवी येत असेल, वायफाय कॉलिंगला यूडीपीचे ५०० आणि ४५०० हे पोर्ट (नेटवर आत-बाहेर जायचे दरवाजे) उघडे लागतात, लाईनमनला हे दोन आकडे सांगितले की त्याला कळतं.

जांभ्याच्या भिंतीत वायफाय मरतं हे मी आत्तीकडं बघितलं. राऊटर लाईनमन दारातल्या खांबालगत ठोकून जातो, कारण त्याला केबल कमी लागते. त्याला चहा द्या, विनंती करा आणि घराच्या मध्यावर, छातीच्या वर, लोखंडी कपाटापासून लांब बसवून घ्या. दहा मीटर जास्त केबलीत जे काम होतं ते नंतर दोन हजाराच्या रिपीटरनं होत नाही.

तिसरं आणि मुख्य: फायबरची लँडलाईन आणि तिच्यावर कॉर्डलेस

स्क्रीन बोटानं सरकवायला ज्यांना जमत नाही, डोळ्याला कमी दिसतं, मोबाईल चार्ज करायला विसरतात, त्यांच्यासाठी मी हेच सांगतो. बटणं मोठी, उचलला की बोलायचं, ठेवला की चार्ज.

फायबरचा जो डबा घरी बसतो त्याच्या मागं नेटच्या केबलीचे रुंद खाचे असतात आणि बाजूला एक-दोन लहान खाचे, त्यावर फोन किंवा टेल किंवा पॉट्स असं लिहिलेलं असतं. ते जुन्या टेलिफोनच्या पिनचं. कंपनीनं लँडलाईन नंबर चालू करून दिला की त्या खाचेतून टोन येतो. म्हणजे आतून नेटवरचाच कॉल आहे पण आपल्याला दिसतो जुन्या फोनसारखा, बेळगावला ०८३१ आणि निपाणीला ०८३३८ लावूनच नंबर मिळतो. नेटचं कनेक्शन घेतानाच व्हॉइस पाहिजे म्हणून सांगा. काही डब्यांना हा खाचा नसतोच, ते आधी बघा.

आता क्रम असा धरा. आधी कोणाकडून तरी साधा वायरचा फोन आणा आणि त्या खाचेत लावून टोन येतोय का, कॉल येतोय-जातोय का ते बघा. हे केल्याशिवाय कॉर्डलेस विकत घ्यायचाच नाही! टोन आला की मगच कॉर्डलेस.

घेताना खोक्यावर बघा. आपल्याकडं मिळणाऱ्या बऱ्याच डिजिटल कॉर्डलेसवर २.४ गिगाहर्ट्झ लिहिलेलं असतं, म्हणजे वायफायचाच पट्टा. ते वाईट नाहीत, पण राऊटरच्या डोक्यावर ठेवले की दोघंही एकमेकाला छळतात, फोनमध्ये खरखर आणि मोबाईलवर नेट बंद. डेक्ट, १.९ गिगाहर्ट्झ असं लिहिलेला मिळाला तर तो घ्या, थोडा महाग पडला तरी. २.४ चाच असेल तर बेस राऊटरपासून सहा-सात फूट लांब आणि मायक्रोवेव्हपासून दुसऱ्या खोलीत, आणि मोबाईल-टीव्ही ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर टाका. खोक्यावर घरात ५० मीटर, मोकळ्यावर ३०० मीटर लिहिलेलं असतं, जाड भिंतींच्या घरात तेवढं मिळत नाही. आत्तीच्या घरात दोन भिंतींच्या पलीकडं नीट चालला, तिसऱ्या भिंतीला तुटायला लागला. मग बेस सोप्यातून माजघरात आणला तर गोठ्यात पण यायला लागला. बेससाठी लांब टेलिफोन वायर ओढणं सोपं आहे, तेवढं कराच.

हँडसेटमधल्या सेलचं नीट ऐका. त्यात १.२ व्होल्टचे चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड सेल असतात. ते संपले म्हणून घड्याळाचे साधे सेल घालून पाळण्यात (बेसवरच्या चार्जिंगच्या खोबणीत) ठेवला तर ते फुगतात, गळतात, फुटूही शकतात. खोक्यातल्या कागदावर पहिल्यांदा किती तास चार्ज करायचं ते लिहिलेलं असतं, तेवढा वेळ हात लावू नका.

दुसरा हँडसेट जोडायचा असेल तर बेसवरचं पेजचं (हँडसेट शोधायचं) बटण काही सेकंद दाबून धरायचं, हँडसेटच्या मेनूत रजिस्टर निवडायचं, पिन विचारली तर बहुतेक वेळा ०००० असते. जोडून झालं की ती पिन बदला, आणि नवीन पिन बेसच्या खाली चिकटवू नका, वहीत लिहा. टोन-पल्स असा पर्याय असेल तर टोनवर ठेवा, नाहीतर कस्टमर केअरला एक दाबा दोन दाबा म्हटलं की काही होत नाही.

आणि नंबर साठवताना एक चूक सगळे करतात. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईलला लावताना पुढं शून्य लावावंच लागतं. फायबरची लँडलाईन असली तरी तेच. आत्तीच्या फोनमध्ये पोराचा नंबर दहा आकडी साठवला होता आणि लागतच नव्हता, आत्तीला वाटलं पोरगाच उचलत नाही, दोन दिवस जेवण गोड लागलं नाही तिला. तेव्हा सगळे मोबाईल नंबर शून्य लावून साठवा. स्पीड डायलवर एकला पोरगा, दोनला शेजारी, तीनला डॉक्टर, आणि तेच मोठ्या अक्षरात कागदावर लिहून भिंतीला लावा. मराठीतच लिहा, हँडसेटवर देवनागरी येत नसली तर आकडे पाठ होतात हळूहळू.

करंट गेला की काय

जुन्या तांब्याच्या लँडलाईनला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट यायचे, म्हणून घरात अंधार असला तरी फोन वाजायचा. फायबर काचेचा, त्यातून वीज येत नाही. करंट गेला की फायबरचा डबा बंद, राऊटर बंद, कॉर्डलेसचा बेस पण बंद. पावसाळ्यात आमच्याकडं झाड पडलं की रात्रभर करंट नसतो, आणि फोनची गरज नेमकी तेव्हाच असते.

डब्याच्या अ‍ॅडॉप्टरवर आऊटपुट वाचा, बहुतेक १२ व्होल्ट आणि १ किंवा दीड अँपिअर असतं. १२ गुणिले १ म्हणजे जास्तीत जास्त १२ वॅट, चार तास चालवायचं तर ४८ वॅट-अवर. राऊटरसाठी मिनी यूपीएस मिळतात त्यावर वॅट-अवर लिहिलेले असतात, लिहिलेल्यातले तीन चतुर्थांशच हातात येतात असं धरून मोठा घ्या. व्होल्ट तंतोतंत जुळलेच पाहिजेत, अँपिअर जास्त चालतील, पिनचा आकार दुकानात लावूनच बघा. कॉर्डलेसच्या बेसचं अ‍ॅडॉप्टर वेगळ्या व्होल्टचं असतं, ते १२ व्होल्टवर लावलंत तर बेस जळेल. घरात इन्व्हर्टर असेल तर डबा, राऊटर आणि बेस तिन्ही एकाच बोर्डावर घेऊन तो बोर्ड इन्व्हर्टरवर टाका, एवढं सोपं दुसरं काही नाही. इन्व्हर्टर नसेल तर मिनी यूपीएसवर डबा ठेवा आणि तो वायरचा साधा फोन कपाटात तयार ठेवा, त्याला वेगळी वीज लागत नाही, डब्याच्या खाचेतूनच चालतो. आत्तीला मी ते तीन वेळा करून दाखवलं, आता ती न विचारता करते.

विजा कडाडायला लागल्या की अ‍ॅडॉप्टर सॉकेटमधून काढायचे, सगळे. आणि डब्यावर लॉस नावाचा दिवा लाल लुकलुकला तर घरात काही उचकायचं नाही, बहुतेक वेळा बाहेर केबल तुटलेली असते, फांदी नाहीतर माकडं. सरळ तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या.

अ‍ॅपवरचे कॉल

व्हॉट्सअ‍ॅपसारखे कॉल पण इंटरनेटवरचेच, पण ते टेलिफोन नंबरला लागत नाहीत, दोघांकडं तेच अ‍ॅप लागतं. आणीबाणीचा ११२ यावरून लागत नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा, पोरांना पण. परदेशातल्यांशी बोलायला मात्र याच्यासारखं काही नाही. रेंज कमी असेल तर सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटामध्ये कॉलसाठी कमी डेटा वापरा असा पर्याय आहे तो ऑन करा, आवाज किंचित जाड होतो पण तुटत नाही. दुबईकडं पोरं असतील तर तिथं व्हॉट्सअ‍ॅपचे व्हॉइस कॉल चालत नाहीत, तिथल्या परवानगीची वेगळी अ‍ॅप आहेत, जाण्याआधीच आईबाबांच्या फोनवर ते अ‍ॅप टाकून एकदा लावून बघा.

फोन कुठलाही असो, पैसे, ओटीपी, पोलीस असं बोलणारा कॉल आला तर ठेवून द्यायचा. फसवणूक झालीच तर १९३० वर लगेच, जितकं लवकर तितकं पैसे अडवता येतात. हा नंबर पण भिंतीवरच्या कागदावर लिहा.

दुकान आणि लहान ऑफिससाठी

शहापुरातल्या मित्राचं दुकान खाली आणि गोडाऊन माळ्यावर, ग्राहकाचा फोन आला की वर हाक मारायची. त्याला आम्ही असा बेस लावला जो सरळ राऊटरला नेटच्या केबलीनं जोडतो आणि त्याचे हँडसेट डेक्टवर चालतात, म्हणजे बस आणि पायवाट एकाच डब्यात. यासाठी सिप नंबर (इंटरनेटवरून चालणारा फोन नंबर) लागतो, तो फक्त लायसन्स असलेल्या टेलिकॉम कंपनीकडूनच घ्या. स्वस्तात बाहेरचे कॉल वळवून देतो म्हणणारे फिरतात, सिमबॉक्स (खूप सिम घालून कॉल वळवायचं यंत्र) लावून, तो गुन्हा आहे आणि जागा आपली असली तर आपणही अडकतो.

लावताना तीन गोष्टी. राऊटरमध्ये सिप एएलजी नावाचा पर्याय (यात राऊटर कॉलच्या पत्त्यांत आपणच बदल करतो) बंद करा, एका बाजूचाच आवाज येतो किंवा तीस सेकंदांनी कॉल कटतो त्याचं कारण बहुतेक तेच. क्यूओएस (कुठल्या कामाला आधी वाट द्यायची ते ठरवायचा पर्याय) असेल तर आवाजाला पहिला नंबर द्या, म्हणजे सीसीटीव्ही अपलोड होत असला तरी बोलणं तुटत नाही. आणि पासवर्ड कंपनीनं दिलेला तसाच ठेवू नका, सिपचा ५०६० हा पोर्ट बाहेरच्या नेटला उघडा ठेवू नका, कारण रात्रीतून कोणी आत शिरून परदेशात कॉल लावले तर बिल आपल्या नावावर येतं.

सगळं झाल्यावर

एक संध्याकाळ ठरवा आणि घरातल्या माणसालाच करायला लावा, आपण हात लावायचा नाही. मेन स्विच बंद. मिनी यूपीएसवर डबा चालू राहतोय का. कॉर्डलेस बंद पडला तर वायरचा फोन लावता येतोय का. त्यावरून पोराला कॉल लागतोय का. मोबाईल एअरप्लेनवर टाकून वायफायवरून लागतोय का. लाईट परत आल्यावर दोन-तीन मिनिटांत डबा आपोआप उठतोय का. हे मे महिन्यात करा, पाऊस यायच्या आधी, आणि दरवर्षी करा. दोनेक वर्षांनी हँडसेट पाळण्यातून काढल्यावर लवकर मरायला लागला तर फोन टाकू नका, फक्त सेल बदला, तेवढ्याच एमएएचचे (सेलची साठवण, सेलवरच लिहिलेली असते) आणि त्याच जातीचे.

आत्तीकडं गेल्या पावसाळ्यात दीड दिवस करंट नव्हता. मिनी यूपीएस लागोपाठ चार-साडेचार तासच टिकतो, म्हणून तिनं आपणच ठरवलं, दिवसभर त्याचं बटण बंद ठेवायचं आणि रात्री साडेआठला अर्धा तास चालू करायचं. पोरानं पुण्याहून त्याच वेळी लावला आणि पहिल्या रिंगला तिनं उचलला, माजघरात बसून.